नाहींशा झालेल्या माणसांचीं पुस्तकें

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत चिपिंग कॅम्पडेन नांवाचें एक लहानसें गांव आहे. १६ ऑगस्ट १६६० या दिवशीं तेथून विल्यम हॅरिसन नांवाचा सत्तर वर्षांचा कारभारी आपल्या धनिणीच्या कुळांकडून खंड वसूल करण्यासाठीं बाहेर पडला. जावयाचें होतें तें अवघें दोन मैलांवर. रात्र झाली तरी तो परतला नाहीं, म्हणून त्याच्या पत्नीनें जॉन पेरी नांवाच्या नोकराला शोधास पाठविलें. तोही त्या रात्रीं घरीं आला नाहीं. पुढें रस्त्याच्या कडेला हॅरिसनची टोपी, फणी आणि गळपट्टा हीं तेवढीं सांपडलीं. टोपीवर व फणीवर घाव होते आणि गळपट्टा रक्तानें माखलेला होता. मनुष्य मात्र कोठेंच मिळाला नाहीं.

संशय नोकरावर आला. जॉन पेरीला वारंवार प्रश्न विचारण्यांत आले आणि प्रत्येक वेळीं त्यानें वेगळी हकीकत सांगितली. अखेर तो म्हणाला कीं, आपली आई जोन आणि भाऊ रिचर्ड यांनीं पैशासाठीं म्हाताऱ्याचा खून केला. त्यानें सांगितलेल्या जागीं शोध घेतला, पण प्रेत निघालें नाहीं. पहिल्या न्यायाधीशानें प्रेतावांचून खुनाचा खटला चालविण्यास नकार दिला. १६६१ च्या वसंत ऋतूंत आलेल्या दुसऱ्या न्यायाधीशाला ती अडचण वाटली नाहीं. आपण बोललों तेव्हां आपलें डोकें ठिकाणावर नव्हतें, असें जॉननें सांगून पाहिलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. आई व दोन्ही मुलगे फांसावर चढले. आणि १६६२ सालीं विल्यम हॅरिसन आपल्या पायांनीं चालत गांवांत परत आला!

आपल्याला घोडेस्वारांनीं पळवून जहाजावर चढविलें, तुर्कांच्या हातीं दिलें, स्मर्नाजवळ एका वृद्ध वैद्याला गुलाम म्हणून विकलें आणि तो वैद्य मेल्यावर आपण लिस्बनमार्गें सुटून आलों, अशी हकीकत त्यानें सांगितली. सत्तर वर्षांचा म्हातारा गुलाम कोणाला हवा होता, याचें उत्तर कोणालाच देतां आलें नाहीं. १६७६ सालीं ही सारी हकीकत एका पुस्तिकेच्या रूपानें छापली गेली. १९०४ सालीं अँड्र्यू लँग या विद्वानानें ऐतिहासिक गूढांवरील आपल्या ग्रंथांत तिची चिकित्सा केली; जॉन मेसफील्ड या कवीनें तिच्यावर नाटक लिहिलें. साडेतीनशें वर्षांनंतरही त्या दोन वर्षांत हॅरिसन कोठें होता, हें ठरलेलें नाहीं.

माणसाच्या नाहींसें होण्यावर लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांची एक मोठी शाखा आज इंग्रजी वाङ्मयांत पसरलेली आहे. कॅम्पडेनची पुस्तिका ही त्या शाखेची एक जुनी पालवी होय. रहस्यकथा लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. तो लपवून ठेवणें हें त्याचें कौशल्य. गाजलेल्या खटल्यांची हकीकत लिहिणाऱ्याला न्यायालयानेंच शेवट लावून दिलेला असतो. परंतु उलगडा न झालेल्या प्रकरणाच्या लेखकाजवळ शेवट नसतो आणि तरीही त्याला तीनशें पानें भरावयाचीं असतात. हें तो कसें साधतो, हें समजून घेणें मनोरंजक आहे आणि आवश्यकही आहे.

त्याचें पहिलें साधन म्हणजे अखेरच्या घटकांचें वेळापत्रक. मनुष्य किती वाजतां निघाला, कोणाशीं बोलला, कोणता कोट घातला होता, हें सर्व इतक्या बारकाईनें सांगितलें जातें कीं, वाचकाला आपण भक्कम जमिनीवर उभे आहोंत असें वाटूं लागतें. ती जमीन अखेरच्या ज्ञात क्षणापाशीं संपते. पण वाचकाच्या मनांतील खात्री तेथें थांबत नाहीं, ती पुढें चालत राहते. दुसरें साधन क्रियापदांचें. तिसऱ्या प्रकरणांत मनुष्य बंदरावर ‘गेला असावा’, पांचव्यांत तो ‘गेला असणार’, आणि आठव्यांत तो ‘गेला होता’. मधल्या पानांत नवा पुरावा आलेला नसतो; बदलतें तें फक्त व्याकरण. तिसरें साधन म्हणजे दर्शनें. नाहींसा झालेला मनुष्य कोणाला तरी कोठें तरी दिसतोच. छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें कीं, त्या चेहऱ्याचा शोध घेणारे डोळे हजारोंनीं तयार होतात, आणि शोधणाऱ्याला साम्य सांपडण्यास वेळ लागत नाहीं.

हीं तिन्ही साधनें एकत्र पाहावयाचीं असतील तर लंडनच्या लॉर्ड ल्यूकनचें प्रकरण घ्यावें. हा त्या घराण्यांतील सातवा अर्ल. जुगाराच्या नादानें कर्जांत बुडालेला, पत्नीपासून विभक्त झालेला आणि तीन मुलांच्या ताब्याचा दावा १९७३ सालीं हरलेला. ७ नोव्हेंबर १९७४ च्या रात्रीं लोअर बेलग्रेव्ह स्ट्रीटवरील त्याच्या पत्नीच्या घरांत, तळघरांत, सँड्रा रिव्हेट या एकोणतीस वर्षांच्या तरुणीचा शिशाच्या नळीनें खून झाला. ती मुलें सांभाळण्यासाठीं त्या घरीं राहत असे. तिच्या सुटीचा नेहमींचा दिवस गुरुवार. त्या आठवड्यांत तिनें ती सुटी बुधवारीं घेतली होती. म्हणून गुरुवारीं रात्रीं चहा करण्यासाठीं ती खालीं गेली. ती कां परतली नाहीं, हें पाहण्यास लेडी ल्यूकन उतरली, तेव्हां तिच्याही डोक्यावर घाव पडले. पण ती बचावली आणि रक्तबंबाळ स्थितींत जवळच्या मद्यगृहांत धांवत गेली. मारणारा आपला पतीच होता, असें तिनें सांगितलें.

ल्यूकन त्याच रात्रीं ससेक्समध्यें एका मैत्रिणीच्या घरीं पोंचला. रस्त्यानें जातांना आपल्याला तळघराच्या खिडकींतून एक इसम पत्नीला मारतांना दिसला आणि आपण आंत शिरतांच तो पळाला, असें त्याचें म्हणणें. मध्यरात्रीनंतर तो तेथून निघाला. त्यानें वापरलेली मोटार न्यूहेवन बंदराजवळ सांपडली. तींत रक्ताचे डाग होते आणि मागच्या डिकींत तशाच शिशाच्या नळीचा तुकडा होता. त्यानंतर ल्यूकनचा खात्रीचा मागमूस कोणालाही लागलेला नाहीं.

पुस्तकें मात्र निघत राहिलीं. १९७५ सालीं पहिलें आलें. १९८७ या एकाच वर्षीं दोन आलीं, व त्यांपैकीं एकाच्या नांवांतच ल्यूकन निर्दोष असल्याचें जाहीर केलें होतें. तपासाचे प्रमुख रॉय रॅन्सन यांनीं १९९४ सालीं आपलें पुस्तक लिहिलें. म्युरियल स्पार्कनें २००० सालीं या प्रकरणावर कादंबरी रचली. लेडी ल्यूकननें २०१७ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. कोणी त्याला समुद्रांत बुडविलें, कोणी आफ्रिकेंत वसविलें. मूळ पुरावा साऱ्यांजवळ सारखाच होता.

दर्शनांची गोष्ट त्याहून विलक्षण. १९७४ च्या डिसेंबरमध्यें मेलबर्नच्या पोलिसांनीं एका संशयास्पद इंग्रजाला पकडलें. तो ल्यूकन असावा या समजुतीनें त्याच्या पायावरचा व्रण पाहण्यासाठीं त्याची विजार वर करावयास लावली. व्रण नव्हता. तो निघाला जॉन स्टोनहाउस, मायामीच्या किनाऱ्यावर कपडे टाकून बुडून मेल्याचा बनाव करणारा पार्लमेंटचा सभासद! एकाला शोधतांना दुसरा सांपडला. पण प्रत्येक वेळीं चूक इतकी गमतीची ठरत नाहीं.

२००३ सालीं स्कॉटलंड यार्डच्या एका निवृत्त गुप्त पोलिसानें पुस्तक लिहून ल्यूकन गोव्यांत राहत होता आणि तेथेंच १९९६ सालीं मेला, असें प्रतिपादन केलें. आधारास गोव्यांतील एका दाढीवाल्या इंग्रजाचीं छायाचित्रें होतीं. पुस्तकाचा भाग वर्तमानपत्रांत छापून येतांच इंग्लंडांतील माईक हार्डिंग या गायकानें कळविलें कीं, हा मनुष्य ल्यूकन नव्हे. हा उत्तर इंग्लंडांत लोकगीतें वाजविणारा आपला जुना ओळखीचा गृहस्थ आहे. म्हणजे ज्यानें कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें, असा एक मृत मनुष्य छापील पानावर खुनी ठरला होता, आणि आपण तो नव्हे हें सांगण्यास तो उरला नव्हता. सुदैवानें त्याला ओळखणारे उरले होते.

अशा प्रसंगीं कायदा कसा वागतो, तें पाहण्यासारखें आहे. कृत्य सिद्ध झाल्यावांचून किंवा निदान प्रेत मिळाल्यावांचून कोणाला खुनी ठरवूं नये, असें इंग्लंडचा थोर न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यानें लिहून ठेवलें; तें त्याच्या मृत्यूनंतर १७३६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें हा नियम सैल झाला, तरी त्यामागची सावधगिरी टिकली. १९७५ सालीं कॉरोनरच्या ज्यूरीनें ल्यूकनला त्याच्या गैरहजेरींत खुनी म्हणून नांवानिशीं जाहीर केलें होतें. १९७७ च्या कायद्यानें ज्यूरीचा तो अधिकारच काढून घेण्यांत आला. सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं तो मेला असें धरून चालण्याचा नियम भारताच्या १८७२ च्या पुरावा कायद्यांत होता, व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो आहे. ल्यूकनच्या मृत्यूचा दाखला लंडनच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं दिला. परंतु कायदा येथें गृहीताला गृहीतच म्हणतो. बेपत्ता मनुष्य परत आला तर गृहीत मागें घेण्याची वाट त्यानें मोकळी ठेवलेली असते. पुस्तकावर असें बंधन नाहीं. मेलेल्याची बदनामी झाली म्हणून इंग्लंडांत दावा लावतां येत नाहीं, आणि छापलेलें प्रकरण परत घेतां येत नाहीं.

यावरून अशीं पुस्तकें लिहूंच नयेत असें मात्र ठरत नाहीं. १७ ऑगस्ट १९८० रोजीं ऑस्ट्रेलियांत उलुरू या प्रचंड खडकापाशीं अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी तंबूंतून नाहींशी झाली. रानकुत्र्यानें तिला उचलून नेली, असें आई सांगत होती. लोकांनीं विश्वास ठेवला नाहीं. १९८२ सालीं आईला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९८५ सालीं जॉन ब्रायसन या लेखकानें या प्रकरणावर ग्रंथ लिहिला. खुनी कोण, या प्रश्नाच्या मागें तो लागला नाहीं. लोकांची खात्री कशी तयार झाली, तज्ज्ञांचा पुरावा किती पोकळ होता, हें त्यानें दाखविलें. मोटारींत रक्त म्हणून दाखविलेला फवारा हा आवाज दबविण्यासाठीं लावलेल्या लेपाचा निघाला. १९८६ सालीं रानकुत्र्यांच्या वस्तीजवळ मुलीचें जाकीट सांपडलें आणि आई सुटली. १९८८ सालीं शिक्षा रद्द झाली. २०१२ सालीं कॉरोनरनें रानकुत्र्यानेंच मुलीला नेल्याचा निर्णय दिला. पेरीच्या घराण्याला जें मिळालें नाहीं, तें या आईला मिळालें, आणि त्याला पोषक असें वातावरण तयार करण्यांत त्या ग्रंथाचा वांटा होता.

दोन्ही प्रकारचीं पुस्तकें दुकानांत एकाच फळीवर असतात, म्हणून निवड वाचकानेंच करावयाची असते. ‘असावा’ चा ‘होता’ कोणत्या पानावर झाला, हें पाहावें. आपलें म्हणणें कशानें खोटें ठरेल, हें लेखकानें कोठें सांगितलें आहे काय, हें शोधावें. जो लेखक कोणत्याही नव्या गोष्टीला आपल्याच तर्काचा पुरावा करतो, त्याच्याजवळ वस्तुतः पुरावा नसतो. आणि आणखी एक गोष्ट पाहावी: ज्याच्यावर घाव पडला, त्याला त्या पुस्तकांत जागा किती आहे.

ल्यूकनवरील पुस्तकांत सँड्रा रिव्हेट बहुधा थोडक्या पानांत येते आणि मरते. मग उरलेलीं सारीं पानें पळालेल्या सरदाराचीं. ल्यूकन कोठें गेला, हें कदाचित् कधींच कळणार नाहीं. परंतु त्या गुरुवारीं रात्रीं चहा करण्यासाठीं जिना उतरलेली तरुणी परत वर आली नाहीं, हें निश्चित कळलेलें आहे. त्या प्रकरणांत गूढ नसलेली अशी ही एकच गोष्ट आहे, आणि पुस्तक मिटतांना वाचकाच्या लक्षांत प्रथम तीच राहावी, हें योग्य होय.