चिपसाठीचा सरकारी पैसा आणि नगरच्या मुलांची नोकरी

सेमीकंडक्टरसाठी हजारो कोटी मंजूर झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. हा पैसा जातो कुठे आणि त्यातून अहिल्यानगरच्या आयटीआयमधल्या मुलामुलींना काम कसं मिळू शकतं, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा जागेचा. सुप्याहून पुण्याकडे निघालं की घोड नदी ओलांडून शिरूर आणि पुढे रांजणगाव लागतं. तिथल्या एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर उभारायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. नियम असा: खर्चाच्या निम्मी रक्कम किंवा दर १०० एकरांमागे ७० कोटी, यांतलं जे कमी ते केंद्र देतं. जमीन २९७.११ एकर, खर्च ४९२.८५ कोटी. निम्मे होतात सुमारे २४६ कोटी, तर एकरी हिशेबाने २०७.९८ कोटी. म्हणून केंद्राचा वाटा २०७.९८ कोटी ठरला. हा पैसा रस्ते, वीज, पाणी अशा सोयींसाठी असतो. कारखाने त्यानंतर यायचे.

दुसरा टप्पा कारखान्याचा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने चिप उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना आणली. गुजरातेत साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पात १०० रुपयांपैकी ५० केंद्राचे, २० राज्याचे, ३० कंपनीचे, अशी वाटणी ठरली. मात्र केंद्राची रक्कम एकदम हातात पडत नाही; कंपनी खर्च करेल त्या प्रमाणात ती मिळते. त्यामुळे घोषणा झाली म्हणजे कारखाना झाला, असं होत नाही. तळेगावला येणार म्हणून चर्चेत असलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतलं.

तिसरा टप्पा सुट्या भागांचा. मार्च २०२५ मध्ये सर्किट बोर्ड, कपॅसिटर अशा भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली. तिच्यात प्रोत्साहनाचा काही भाग रोजगाराशी बांधला आहे: ठरलेल्या नोकऱ्या दिल्या, तरच तो भाग मिळतो.

आता प्रत्यक्ष काम पाहू. सिलिकॉनच्या चकतीवर सर्किट कोरणारा कारखाना म्हणजे फॅब. पॅकेजिंगच्या कारखान्यात ती चकती कापून नखाएवढे किंवा त्याहून लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकडा तळपट्टीवर चिकटवतात आणि केसापेक्षा बारीक सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारांनी जोडतात. मग वरून कवच चढवतात आणि चाचणी घेतात. एक जोड सुटला तरी चिप बाद होऊ शकते. म्हणून मशीन चालवणारे, दुरुस्ती करणारे आणि चाचणी घेणारे सगळेच तरबेज लागतात. यांतली बरीच कामं आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं प्रशिक्षणानंतर करू शकतात.

फॅबला अतिशुद्ध पाणी भरपूर लागतं. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे आपले तालुके अवर्षणप्रवण. त्यामुळे जिल्ह्याने फॅबच्या मागे न लागता पॅकेजिंग, बोर्ड आणि सुटे भाग यांसाठी आग्रह धरावा, असं मला मनापासून वाटतं. नवी घोषणा झाली की लोकप्रतिनिधींना तीन प्रश्न विचारा: आजवर प्रत्यक्ष खर्च किती झाला? किती नोकऱ्या देण्याचं बंधन आहे? आणि त्यासाठीचं प्रशिक्षण आपल्या आयटीआयमध्ये कधी सुरू होणार?