खत मुरू द्या, मगच बुडाशी घाला

आज परसबागेतल्या खताविषयी बोलू. काही जणी म्हणतील, शेणाचं काय शिकवता, शेण काढण्यात जन्म गेला आमचा. आम्हीही असंच म्हणत होतो, आणि त्याच तोऱ्यात आम्ही दहा जणींच्या परसबागा आठवडाभरात जाळून घेतल्या. आधी तेच सांगतो.

जून महिना होता. गटाने ठरवलं, प्रत्येकीने दारात मिरची, वांगी, टोमॅटो लावायचे. रोपं गटाच्या पैशातून आणली, पैसे हप्त्याने फेडायचे. जवळच्या पोल्ट्रीवर कोंबडीखत फुकट मिळत होतं. फुकटचं म्हटल्यावर आम्ही गाडी भरून आणलं आणि त्याच संध्याकाळी रोपाच्या बुडाशी दोन-दोन ओंजळी घातलं. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून पाणी वाढवलं. आठवड्यात रोपांनी माना टाकल्या. आमच्यातल्या एका मावशींची २८ रोपं गेली. त्यांची सून पोटुशी होती, घरची भाजी ताटात यावी म्हणून मावशींनी अंगण खणलं होतं. पुढे चार महिने त्यांनी बाजारातली भाजी घेतली आणि मेलेल्या रोपांचा हप्ताही भरला. खत आणायची कल्पना आमची होती, त्यामुळे बैठकीत मान वर करवत नव्हती.

चूक कुठे झाली? आपल्याकडे म्हणतात, ताजं खत गरम असतं. ते खरंच आहे. ताज्या विष्ठेत नत्र भरपूर असतं आणि कुजताना त्यातून अमोनिया सुटतो. नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. तो आणि खतातले क्षार मिळून कोवळी मुळं जाळतात. शिवाय ढीग कुजताना आतून चांगलाच तापतो. हिवाळ्यात सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

सगळी खतं सारख्या ताकदीची नसतात, हेही आम्हाला तेव्हा कळलं. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतात आणि कोंबडीखतात ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे पाचसहा पट! धनगरांच्या मेंढ्या रानात बसवायला शेतकरी पैसे किंवा धान्य का देतात, ते यावरून समजतं. म्हणून शेणखताच्या मापाने कोंबडीखत घालायचं नाही. १० फूट लांब, ३ फूट रुंद वाफ्याला मुरलेलं शेणखत एक घमेलं पुरतं. कोंबडीखत असेल तर तेही मुरलेलं, आणि पाव घमेल्याच्या वर नको.

आता मुरवायचं कसं? घराच्या आणि विहिरीच्या लांब, उंचवट्यावर, सावलीत तीन फूट खोल खड्डा घ्या. पाणी साचेल अशी जागा नको. शेण, गोठ्यातला झाडलोट, पालापाचोळा, भाजीची देठं यांचे थर द्या, मधे मधे थोडी माती. गोठ्यातलं मूत वाया घालवू नका, नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. खाली पाचट अंथरलं की ते भिजतं, तेच खड्ड्यात टाका. ओल किती हवी? मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. महिन्याने एकदा वरखाली करा. उन्हात उघडं पडलेलं खत नुसतं वाळतं, आणि पावसात त्याचा कस धुऊन जातो. आपले उघडे उकिरडे बघा, निम्मं खत तिथेच संपतं असं आमचं मत आहे. चार ते सहा महिने लागतात, त्यामुळे दिवाळीनंतर भरलेला खड्डा जूनच्या लागवडीला कामी येतो.

ज्यांच्याकडे जनावर नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची ‘नाडेप’ पद्धत शोधली, ती अशांसाठीच सोयीची. त्यात काडीकचरा आणि माती जास्त, शेण थोडंच लागतं. दोघीतिघींनी मिळून एक टाकं बांधलं तरी चालतं.

खत तयार झालं हे हाताने ओळखा. रंग काळसर, चुरगाळलं तर भुसभुशीत, आत हात घातला तर गरम लागत नाही, वास पहिल्या पावसातल्या मातीचा. शंका असेल तर करवंटीत ते खत आणि माती निम्मं निम्मं घेऊन मेथीचे दाणे टाका. चारपाच दिवसांत कोंब सरळ आणि हिरवे आले तर घाला बिनधास्त. आम्ही आता याशिवाय एक घमेलंही हलवत नाही.

अर्धकच्च्या शेणात हुमणीच्या अळ्याही येतात. पांढऱ्या, वळलेल्या. मुळं कुरतडतात. खड्डा उलथताना दिसल्या तर कोंबड्यांना घाला.

पोटाचीही काळजी घ्या. ताज्या शेणात जुलाबाचे जंतू असू शकतात. कोथिंबीर, मुळा, काकडी आपण कच्ची खातो, त्यांच्यावर शेणकाला शिंपडू नका, आणि भाजी धुऊनच घ्या. कुत्र्या-मांजराची घाण खड्ड्यात कधीच नको, त्यातून जंत होतात. हाताला कापलेलं असेल तर खतात हात घालू नका, धनुर्वाताचे जंतू तिथे असतात. काम झालं की साबणाने हात धुवा, मग भाकरीला बसा.

मावशींनी पुढच्या वर्षी गटाचं खत घेतलं नाही. आपल्याच दोन शेळ्यांच्या लेंड्या मुरवल्या, आणि मेथीची करवंटी आम्हाला दाखवायला बैठकीत घेऊन आल्या. यंदा त्यांच्याकडून आम्ही मिरचीची रोपं घेतली आहेत. पुढच्या वेळी जीवामृताविषयी बोलू. तोवर तुमचे खड्डे झाकून ठेवा, पाऊस जवळ आलाय.