वसंतांतील क्रॉपी मासा व जिगचा गळ

गळ टाकून मासे धरणें हें आळशी माणसाचें काम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. कांठावर बसावें, पाण्याकडे पाहत राहावें आणि दैवानें दिलें तें घरीं न्यावें, एवढाच त्यांत उद्योग आहे असें त्यांस वाटतें. परंतु कोणतीहि कला जवळून पाहिली म्हणजे तिच्यामागें केवढें निरीक्षण असतें हें कळून येतें. उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याच्या तळ्यांवर वसंत ऋतूंत क्रॉपी नांवाचा मासा जिग नांवाच्या गळानें धरतात. त्या कलेची माहिती आम्ही या लेखांत थोडक्यांत देत आहों.

प्रथम माशाची ओळख करून घेऊं. क्रॉपी हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्वार्धांतील मासा असून त्याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या क्रॉपीच्या अंगावर वरून खालीं जाणारे फिकट काळे पट्टे असतात, तर काळ्या क्रॉपीच्या अंगावर काळे ठिपके वाटेल तसे विखुरलेले असतात. रंगावरून संशय राहिलाच, तर पाठीवरील पराचे कांटे मोजावेत. पांढऱ्यास बहुधा पांच किंवा सहा, आणि काळ्यास सात किंवा आठ कांटे असतात. पांढरी जात गढूळ पाण्यांतहि सुखानें राहते. काळीस स्वच्छ पाणी व पाणवनस्पति अधिक मानवतात. मासा चपटा व रुंद असून साधारणतः आठ ते बारा इंच लांब असतो. त्याच्या ओठांजवळची कातडी इतकी पातळ असते कीं तेथील लोक त्यास ‘कागदतोंड्या’ म्हणतात. शिवाय त्याचे डोळे डोक्यांत उंचावर असतात, त्यामुळें त्याची दृष्टि वरच्या बाजूस सहज वळते. या दोन गोष्टी वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या. पुढील सर्व युक्ति त्यांवरच आधारलेली आहे.

हिंवाळ्यांत क्रॉपी खोल पाण्यांत थवे करून राहतात. वसंतांत पाण्याची उष्णता १० ते १३ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली म्हणजे ते हळूहळू कांठाकडे निघतात, आणि ती १६ ते २० अंशांच्या दरम्यान आली म्हणजे उथळ पाण्यांत अंडीं घालतात. हा काळ दक्षिणेकडील राज्यांत मार्च-एप्रिलमध्यें, तर मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्यांत मे-जूनमध्यें येतो. डॉगवुड नांवाच्या झाडास पांढरा फुलोरा आला कीं क्रॉपी कांठाशीं आले, अशी दक्षिणेकडील मच्छीमारांची खूण आहे. तळ्याच्या उत्तर कांठावरील आखातें आधीं तापतात. कारण त्या देशांत सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो व उत्तरेचा थंड वारा त्या कांठाआड अडतो. म्हणून जाणता माणूस प्रथम तेथेंच जातो. मध्येंच थंडीची लाट आली, तर मासे पुन्हां खोल पाण्याकडे सरकतात, व काल जेथें टोपली भरली तेथें आज एकहि मासा लागत नाहीं.

क्रॉपीस बुडालेलें लांकूड फार आवडतें. टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यांतील रीलफुट तळें हें याचें उत्तम उदाहरण होय. इ. स. १८११-१२ च्या मोठ्या भूकंपांत तेथील जमीन खचली, तींत पाणी भरलें व उभें अरण्य बुडालें. त्या झाडांचे बुंधे अजून पाण्याखालीं आहेत, सायप्रस वृक्ष पाण्यांतच उभे आहेत, आणि त्यांच्या आडोशास क्रॉपी राहतात. म्हणून हें तळें या माशासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे.

आतां जिगकडे वळूं. जिग म्हणजे ज्याच्या मानेशीं शिशाची लहानशी गोळी ओतून बसविली आहे असा गळ. गोळीच्या मागें पिसें, केंस किंवा मऊ रबरासारख्या पदार्थाची शेपटी बांधलेली असते, ती पाण्यांत हलली म्हणजे लहान मासोळीचा भास होतो. क्रॉपीसाठीं जिग अगदीं हलका लागतो. औंसाचा सोळावा भाग, म्हणजे पावणेदोन ग्रॅम, हें सामान्य वजन. पाणी शांत व उथळ असेल तर बत्तिसावा भागहि पुरे होतो. दोरी बारीक, चार ते आठ पौंड ताण सोसणारी असते.

लांब काठी घेऊन बुंध्याच्या अगदीं जवळ जिग सरळ खालीं सोडावा, ही एक रीत. दोरीस लहानशी तरंगणी बांधून तो ठराविक खोलीवर लोंबत ठेवावा, ही दुसरी. दोहोंत मुख्य नियम एकच, कीं जिग माशाच्या किंचित् वर असावा. क्रॉपी वर पाहून भक्ष्य घेतो. त्याच्या खालून गेलेल्या आमिषाकडे तो बहुधा ढुंकूनहि पाहत नाहीं. जिग झटक्यानें नाचवूं नये. हाताचा सहज होणारा कंपच बहुधा पुरतो. माशानें आमिष घेतलें म्हणजे नुसता किंचित् भार वाटतो, किंवा उलट दोरी एकाएकीं सैल पडते. अशा वेळीं जोराचा हिसका दिला तर पातळ ओठ फाटून मासा जातो. मनगट हलकेंच वर उचलावें व दोरी ताठ ठेवून मासा जाळींत घ्यावा.

येथवरची माहिती कौशल्याची झाली. परंतु तींतूनच एक गंभीर प्रश्न उद्भवतो. वसंतांत क्रॉपी सहज सांपडतो, कारण त्या दिवसांत तो आपल्या संततीच्या कार्यांत गुंतलेला असतो. नर तळाशीं जागा झाडून घरटें करतो, मादी अंडीं घालून निघून जाते, आणि नर, ज्याचा रंग या दिवसांत पुष्कळ काळवंडतो, अंडीं फुटून पिलें पांगेपर्यंत पहारा देतो. तो जागेवरून गेला तर इतर मासे तीं अंडीं खातात. जिगवर तो धांवून येतो तो नेहमीं भुकेनेंच येतो असें नाहीं. पुष्कळदां घरट्याचें रक्षण करण्यासाठीं येतो. शिवाय अलीकडच्या वर्षांत ध्वनिलहरींच्या यंत्रानें पाण्याखालील एकेक मासा पडद्यावर पाहतां येऊं लागला आहे, त्यामुळें पूर्वीं माशास जो थोडा आडोसा होता तोहि कमी झाला.

मग ही मासेमारी बंदच करावी काय? बहुतेक राज्यांनीं तसें केलेलें नाहीं, व त्यास कारण आहे. एक मादी हजारों अंडीं घालते, आणि कोणत्या वर्षीं किती पिलें जगतील हें पुष्कळ अंशीं त्या वसंतांतील पाण्याच्या पातळीवर व हवेवर अवलंबून असतें. म्हणून तेथें दररोज किती मासे न्यावेत याची मर्यादा असते, आणि कित्येक तळ्यांत दहा किंवा बारा इंचांहून लहान मासा परत सोडावा लागतो. शिशाविषयींहि असाच विचार झाला आहे. तुटून पडलेला शिशाचा जिग लून नांवाच्या पाणपक्ष्याच्या पोटांत गेला तर त्यास विषबाधा होऊन तो मरतो. त्यामुळें न्यू हॅम्पशायर राज्यांत एक औंस किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिगांची विक्री व वापर २०१६ पासून बंद करण्यांत आला. टंगस्टनचे जिग तेंच काम निर्धोकपणें करतात.

आपल्याकडे पहिल्या पावसांत ओढ्यांतून वर चढणारे चढणीचे मासे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. तेहि अंडीं घालण्यासच निघालेले असतात, व म्हणूनच हातीं लागतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांस समुद्रांत मासेमारीची मनाई असते, तिच्या मुळाशींहि माशांच्या विणीचाच विचार आहे. ओढ्याच्या कांठीं मात्र बहुधा कोणी पहारेकरी नसतो. तेथें किती मासे घरीं न्यावेत हें ज्यानें त्यानेंच ठरवावयाचें असतें. ज्यास माशाची वाट, त्याची वेळ व त्याचा स्वभाव ठाऊक झाला, त्यास टोपली भरणें कठीण नाहीं. गाभोळीनें पोट फुगलेली मासळी जाळ्यांत आली असतां तिला पुन्हां पाण्यांत सोडणें हें त्याहून कठीण आहे, आणि पुढील वर्षीं ओढ्यांत मासे चढतील कीं नाहीं, हें पुष्कळसें त्यावरच अवलंबून राहील. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या पावसाळ्यांत ओढ्यावर जातांना एवढी गोष्ट मनांत वागवावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.