सरकारी रुपयाचा माग

राज्य सरकारच्या तिजोरीतला पैसा विधिमंडळाच्या संमतीशिवाय खर्च करता येत नाही. कर, कर्जे आणि कर्जवसुली यांतून येणारी रक्कम संविधानाच्या 266 व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते आणि विनियोजनाचा कायदा संमत झाल्यावरच त्यातून पैसे काढता येतात. अचानक उद्भवलेल्या गरजेसाठी आकस्मिकता निधी असतो, पण त्यातली उचलही पुढे सभागृहाच्या मंजुरीनेच भरून काढावी लागते. सभागृह रक्कम मंजूर करते तेव्हा किती, कशासाठी आणि कोणत्या वर्षासाठी या तीनही गोष्टी ठरवून देते. विभागाची जबाबदारी इथूनच सुरू होते. 31 मार्चला वर्ष संपले की न वापरलेली मंजुरीही संपते.

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात प्रत्येक विभागाला एक अक्षर दिलेले असते आणि त्याच्या मागण्या त्या अक्षरापुढे क्रमांक घालून ओळखल्या जातात. मागणीच्या आत लेखाशीर्षे असतात. प्रधान शीर्ष चार आकडी असते: सर्वसाधारण शिक्षणाचे 2202, सार्वजनिक आरोग्याचे 2210, रस्ते आणि पुलांचे 3054. या आकड्यांत बराच अर्थ भरलेला आहे. 2 किंवा 3 ने सुरू होणारे शीर्ष महसुली खर्चाचे, 4 किंवा 5 ने सुरू होणारे भांडवली खर्चाचे. म्हणून रस्त्याची डागडुजी 3054 खाली लिहितात आणि नव्या रस्त्याचे बांधकाम 5054 खाली. डागडुजीचा खर्च बांधकामात दाखवला तर राज्याची महसुली तूट कागदावर कमी दिसते. चुकीच्या शीर्षाखाली केलेली नोंद हा लेखापरीक्षकांचा नेहमीचा आक्षेप असतो, तो त्यामुळेच.

प्रत्यक्ष पैसे काढतो तो आहरण व संवितरण अधिकारी. तालुक्याच्या कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत असे हजारो अधिकारी आहेत. तो देयक तयार करतो, त्याला पावत्या आणि मंजुरीचा आदेश जोडतो आणि ते कोषागारात पाठवतो. मुंबईत कोषागाराऐवजी अधिदान व लेखा कार्यालय हे काम पाहते. अनुदान शिल्लक आहे का हे आता 'बीम्स' या संगणक प्रणालीत आधी तपासले जाते, त्यामुळे शिल्लक नसताना देयक पुढे सरकवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मंजूर देयक हे प्रमाणक होते, आणि ही प्रमाणके दर महिन्याला महालेखापालांकडे जातात. राज्यात महालेखापालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर अशी दोन ठिकाणी आहेत. विदर्भ आणि मराठवाडा नागपूरकडे, बाकी राज्य मुंबईकडे. विभागाने आपले आकडे महालेखापालांच्या आकड्यांशी ठरावीक काळाने जुळवून पाहायचे असतात. याला ताळमेळ म्हणतात. तो रखडला की चुकीची नोंद वर्षअखेरीपर्यंत तशीच पुढे जाते.

खरी अडचण पैसे आधी आणि हिशेब नंतर अशा व्यवहारांत होते. निवडणूक, पूर, एखादे मोठे शिबिर अशा वेळी पावत्या हातात येण्याची वाट पाहता येत नाही, म्हणून संक्षिप्त देयकावर आगाऊ रक्कम काढण्याची मुभा आहे. अट अशी की महिन्याभरात सर्व पावत्यांसह तपशीलवार देयक सादर झाले पाहिजे. ते झाले नाही, तर तो पैसा हिशेबात खर्च म्हणून दिसतो, पण कशावर गेला याचा पुरावा कुठेच नसतो. अनुदानांचेही तसेच. जिल्हा परिषदेला, महामंडळाला किंवा संस्थेला अनुदान दिले की ते ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र विभागाने मिळवायचे असते. प्रलंबित तपशीलवार देयके आणि न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रे हे राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरील लेखापरीक्षा अहवालांतले कायमचे प्रकरण आहे. महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे अपहार झालाच असे नाही. काम पूर्ण होऊनही कागद अडकलेला असू शकतो. पण प्रामाणिक दिरंगाई आणि लपवाछपवी यांतला फरक कागदाशिवाय बाहेरच्या माणसाला कळू शकत नाही, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याचे नुकसानही त्यातच आहे.

मार्चअखेरची घाई सर्वांच्या परिचयाची आहे. खर्च होणार नाही असे दिसताच विभागाने ती रक्कम वेळेत समर्पित करावी, म्हणजे वित्त विभागाला ती दुसरीकडे वळवता येईल, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात अनुदान परत गेले तर पुढच्या वर्षी कमी मिळेल ही भीती मोठी असते. म्हणून शेवटच्या आठवड्यांत देयकांचा पूर येतो, किंवा पैसा काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामाने उघडलेल्या खात्यात, ठेवला जातो. असा पैसा एकत्रित निधीतून बाहेर पडलेला असतो, पण लाभार्थीपर्यंत पोचलेला नसतो, आणि सभागृहापुढे मात्र खर्च म्हणून मांडला जातो. याच्या उलट, मंजुरीपेक्षा जादा खर्च झाला तर तो 205 व्या अनुच्छेदाखाली विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो. अशी नियमितीकरणे कित्येक वर्षे पडून राहतात, आणि ज्या सभागृहाने मूळ मर्यादा घातली त्याची मुदत केव्हाच संपलेली असते.

बांधकाम आणि जलसंपदा विभागांत पैशाचा माग मोजमाप पुस्तिकेत सापडतो. कामावरचे लोक तिला 'एमबी' म्हणतात. पाने छापील क्रमांकाची, पान फाडायचे नाही, खाडाखोड करायची नाही, चुकले तर रेघ मारून सही करायची. किती खोदले, किती भराव घातला, काँक्रीट किती पडले हे जागेवर मोजून अभियंत्याने लिहायचे आणि त्या नोंदीवरच ठेकेदाराचे देयक निघायचे. मोजमाप न करता लिहिलेली एमबी हीच पुढच्या बहुतेक चौकश्यांची पहिली पायरी ठरते. जमिनीखाली गेलेले काम पुन्हा मोजणे फार अवघड असते.

हे सगळे तपासण्याचे काम संविधानाच्या 148 ते 151 अनुच्छेदांनी आणि 1971 च्या कायद्याने भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याकडे दिले आहे. त्यांचे पथक कार्यालयात येते, दप्तर मागते आणि शंका असेल तिथे अर्धसमास काढते. कागदाच्या अर्ध्या भागात आक्षेप, उरलेल्या अर्ध्यात कार्यालयाचे उत्तर. उत्तर पटले नाही तर आक्षेप निरीक्षण अहवालात जातो. त्यातला गंभीर भाग प्रारूप परिच्छेद म्हणून थेट विभागाच्या सचिवांकडे जातो, आणि शेवटी उरलेले परिच्छेद राज्यपालांमार्फत विधिमंडळात मांडले जातात. हिशेब जुळतो का, नियम पाळले का आणि पैशाचे मोल मिळाले का, असे तीन प्रकारचे प्रश्न लेखापरीक्षा विचारते. वसुलीचा किंवा शिक्षेचा अधिकार मात्र तिला नाही. जिल्हा परिषदा आणि अन्य स्थानिक संस्थांसाठी राज्याची स्थानिक निधी लेखापरीक्षा वेगळी आहे. तिचा कायदा 1930 चा.

अहवाल सभागृहात आला की तो लोकलेखा समितीकडे जातो. भारतात अशी पहिली समिती 1921 मध्ये केंद्रात झाली. तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचा संकेत लोकसभेत 1967 पासून आहे आणि राज्यांतही साधारण तोच पाळला जातो. समिती मंत्र्याला बोलावत नाही, सचिवाची साक्ष घेते. यात एक विचित्र प्रकार घडतो: ज्या वर्षाचा खर्च चर्चेत असतो त्या वर्षी तो सचिव बहुधा दुसऱ्याच विभागात असतो. तो फाइल वाचून उत्तर देतो, आणि फाइलमध्ये नसलेले त्याला ठाऊक नसते.

कालहरणाचा याहून मोठा परिणाम शिस्तभंगाच्या कारवाईत दिसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 27 निवृत्त कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन रोखण्याचा किंवा त्यातून नुकसानीची वसुली करण्याचा अधिकार देतो. पण निवृत्तीनंतर विभागीय चौकशी नव्याने सुरू करायची असेल तर ती घटना चार वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. खर्च होणार, मग लेखापरीक्षा, मग अहवाल, मग समितीची सुनावणी. या प्रवासात चार वर्षे सहज उलटतात. कागदावर दोष निश्चित होतो तेव्हा दोषी हाताबाहेर गेलेला असतो. या मुदतीमागे निवृत्ताला आयुष्यभर टांगते ठेवू नये हा न्याय्य विचार आहे. त्यामुळे सुधारणा व्हायची असेल तर ती आधीच्या टप्प्यांचा वेग वाढवूनच होईल.

दप्तराचे नियम या सगळ्याच्या मुळाशी आहेत. महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे आणि 'ड' एक वर्ष. प्रकरण बंद करतानाच त्याचा वर्ग लिहायचा असतो. लिपिकाच्या टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धत आहे: चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी याच जुन्या नियमांना धरून कार्यालयातले गठ्ठे लावून घेतले, आणि तो प्रयोग 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला. नियम नवे नव्हतेच. ते कोणी पाळून दाखवले हीच बातमी होती.

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली. तीत पाच जणांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवरील विभागांच्या असंख्य फाइली जळाल्या. जिल्ह्यांतून, खालच्या कार्यालयांतून प्रती मागवून फाइली पुन्हा उभ्या करण्याचे काम त्यानंतर चालले आणि ई-ऑफिस या संगणकीय फाइल पद्धतीला गती मिळाली. मात्र फाइल नाहीशी होण्यासाठी आगच लागते असे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणे गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही 'फाइल सापडत नाही' हे उत्तर टेबलाटेबलावर मिळते.

नोंद नीट ठेवली नाही तर वादाचा निकालच लागत नाही, याचे ठळक उदाहरण सिंचनाचे आहे. 2011-12 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एकूण पिकाखालील क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण 2001-02 मध्ये 17.8 टक्के आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के असे छापले गेले. त्या दशकात सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते, त्यामुळे 0.1 टक्क्याच्या त्या वाढीने राजकारण ढवळून निघाले. जलसंपदा विभागाने 2012 च्या अखेरीस श्वेतपत्रिका काढली आणि वाढ याहून बरीच जास्त असल्याचे म्हटले. पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. कृषी, महसूल आणि जलसंपदा हे विभाग सिंचित क्षेत्र वेगवेगळ्या रीतीने मोजतात, विहिरींखालचे क्षेत्र कोणाच्या खात्यात धरायचे यावर एकमत नाही, हे त्या वेळी उघड झाले. त्यानंतर अनेक वर्षे आर्थिक पाहणीतल्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' एवढेच छापले जात राहिले. खर्चाचा आकडा पैशापर्यंत चोख आणि त्याच्या फळाचा आकडा रिकामा, अशी ही स्थिती कोणत्याही खुलाशाने समर्थनीय ठरत नाही.

नागरिकाला या दप्तरापर्यंत पोचण्याचा हक्क 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने दिला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधी 2002 पासून होता. अर्ज, 30 दिवस, अपील हा भाग बहुतेकांना माहीत असतो. कलम 4 कमी वाचले जाते. सर्व अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका ठेवणे, तसेच प्रत्येक यंत्रणेला किती निधी मिळाला आणि किती वाटला हे कोणी न मागता जाहीर करणे हे त्या कलमाने विभागांचे कर्तव्य ठरवले आहे. 2018 मध्ये राज्य सरकारने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा आदेश काढला. हरवलेल्या फाइलबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले, की फाइल सापडत नाही हे माहिती नाकारण्याचे कायदेशीर कारण नाही. कसून शोध घ्यावा लागेल आणि जबाबदारी निश्चित करावी लागेल.

कामाच्या मुदतीही कायद्यातच आहेत. बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या 2005 च्या राज्य कायद्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणाचा निर्णय 45 दिवसांत आणि गरज असल्यास तीन महिन्यांत व्हावा. दाखले, परवाने यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात 500 ते 5,000 रुपये शास्ती आहे, तर माहिती अधिकारात दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये. या दोन्ही शास्ती त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भराव्या लागतात, हे त्यांचे वैशिष्ट्य.

एरवी विभागाच्या चुकीची भरपाई सरकारी तिजोरीतूनच, म्हणजे करदात्याच्याच पैशातून दिली जाते. लखनौ विकास प्राधिकरणाच्या 1993 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे चालू देणे नाकारले: नागरिकाला भरपाई आधी द्यावी आणि नंतर ती छळाला जबाबदार असलेल्या कर्मचाऱ्यांकडून वसूल करावी. त्यासाठी फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाच्या टेबलावर होती हे सिद्ध करावे लागते. कागदी पद्धतीत ते हालचाल नोंदवहीवर अवलंबून असते, आणि ती वही तोच कर्मचारी लिहीत असतो. ई-ऑफिसमध्ये फाइल पुढे सरकली की वेळ आणि नाव आपोआप नोंदले जाते.