उन्हाचं घर

एस.टी. उन्हात उभी असते. खिडक्या बंद असतात. आत पाऊल टाकलं की भट्टीत शिरल्यासारखं होतं. आत चूल नाही, विस्तव नाही. मग हा ताप आला कुठून?

ऊन काचेतून आत येतं. बाकं तापतात, पत्रा तापतो. तापलेली हवा मात्र आतच कोंडते. एवढीच ही युक्ती.

लडाखात हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथले शेतकरी तीन बाजूंना जाड मातीच्या भिंती घालतात. दक्षिणेला प्लॅस्टिकचा कागद ताणतात. भिंती दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात. बाहेर बर्फ, आत पालेभाजी!

आपल्या चौलला थंडी ती किती? इथे भाजी अशा घरात करपेल. पण सुपारीला हे घर फार चांगलं.

असोली सुपारी उघड्यावर वाळायला महिना-दीड महिना लागतो. मध्येच अवकाळी पाऊस आला की सालीत ओल राहते. बुरशी धरते. मग भाव पडतो. 2020 साली 3 जूनला निसर्ग वादळ आलं. वाड्यांतल्या किती पोफळी मोडल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. उरलेल्या झाडांची सुपारी तरी कुजू का द्यावी?

वाडीत सावली असते. म्हणून घर खळ्यात किंवा गच्चीवर बांधा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद पुरे. बांबूचा सांगाडा करा. त्यावर उन्हात टिकणारा, दोनशे मायक्रॉन जाडीचा पारदर्शक कागद ताणा. खाली काळा कागद अंथरा. काळा रंग ऊन जास्त घेतो. सुपारी जमिनीवर नको. फूटभर उंच मांडव करून त्यावर एकेरी पसरा.

आता खरी गोष्ट ऐका. पुष्कळजण घर गच्च बंद करतात आणि फसतात. सुपारीतलं पाणी वाफ होऊन आतच राहतं. कागदाला थेंब धरतात. म्हणून खाली एका बाजूला झरोका ठेवा, समोरच्या बाजूला वर दुसरा. गरम हवा वर चढते, ओल घेऊन बाहेर जाते. झरोक्यांना जाळी लावा, नाहीतर उंदीर आत शिरतील. रात्री झरोके झाका, म्हणजे दव आत येणार नाही. त्याच घरात बोंबील मात्र वाळवू नका!

पावसाळ्याआधी कागद उतरवून गुंडाळून ठेवा. वाऱ्याने तो फाटतो.

सुपारी वाळली हे कसं ओळखावं? कानाशी धरून हलवा. आत खुळखुळली, की सोलायला घ्या.