कल्पित प्राण्याचे लिंग आणि नामाचे लिंग

मुंडकोपनिषदात अक्षरापासून विश्व कसे उद्भवते हे सांगताना कोळ्याचा दृष्टान्त योजिला आहे. तेथील शब्द 'ऊर्णनाभि' हा पुल्लिंगी होय. पुढे 'वेदान्तसारा'त सदानंदांनी तशाच दृष्टान्तासाठी 'लूता' हा स्त्रीलिंगी शब्द घेतला. नामाचे लिंग पालटले. दृष्टान्त मात्र तसूभरही हलला नाही. ज्या भाषेत प्रत्येक नामाला लिंग असते, त्या भाषेत ते असे निद्रिस्त राहू शकते.

इंग्रजीची स्थिती निराळी आहे. तेथे कोळ्याच्या नावाला व्याकरणिक लिंग नाही. म्हणून लेखकाने ते दर्शविले, तर ते हेतुपूर्वकच दर्शविले असे समजावे लागते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या 1954 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात 'शीलॉब' नावाची महाकाय कोळीरूप राक्षसी येते. 'शी' म्हणजे 'ती' आणि 'लॉब' हा कोळ्याचा जुना इंग्रजी शब्द, एवढीच या नावाची घटना आहे, हे टॉल्किन यांनी 1944 साली आपल्या पुत्रास पत्राने कळविले होते. सर्वनामच येथे नामाचे पूर्वपद झाले आहे. किंबहुना नाव कळण्यापूर्वी वाचकास केवळ सर्वनामच भेटते: 'ती' मदत करील, असे गॉलम स्वतःशी पुटपुटतो, आणि ही 'ती' कोण याचा उलगडा पुष्कळ पृष्ठांनंतर होतो.

स्वभावरेखनातही स्त्रीत्व वरवरचे नाही. आपल्याच संततीशी संग करून तिचा वध करणारी ही माता म्हणजे मातृत्वाचे विपरीत रूप होय. ऑव्हिडच्या काव्यातील अराक्नी मिनर्वेच्या कोपाने कोळी होते, परंतु तिचे विणकामाचे कौशल्य तिच्यापाशी राहते; शीलॉबपाशी उरते ती भूक. या दृष्टीने ती अराक्नीपेक्षा 'बेओवुल्फ'मधील ग्रेंडेलच्या मातेस अधिक जवळची वाटते. टॉल्किन हे त्या काव्याचे थोर अभ्यासक होते. गमतीची गोष्ट अशी, की त्या मातेसाठी मूळ काव्यात काही ठिकाणी पुल्लिंगी सर्वनाम आले आहे, आणि त्यावर संपादकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

हे नाव मराठीत आणू पाहिले म्हणजे अडचण स्पष्ट होते. 'कोळी' पुल्लिंगी. त्याचे 'कोळीण' केले, तर डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली डोळ्यांपुढे उभी राहते. 'कोळ्याची मादी' हा प्रयोग प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. 'लूता' हा शब्द त्यातल्या त्यात उचित म्हणावा लागेल. तो सामान्य वाचकास अपरिचित आहे खरा, परंतु 'लॉब'ही आजच्या इंग्रजी वाचकास तितकाच अपरिचित आहे. शिवाय ताटका, पूतना यांच्या पंक्तीत तो ध्वनीने सहज बसतो.

परंतु 'लूते'चे स्त्रीत्व अन्त्य 'आ'कारात विरून जाते. 'शी'सारखे ते वेगळे ऐकू येत नाही. सर्वनामाचीही तीच गत होते. इंग्रजीत अनामिक 'शी' ऐकताच कोणी सजीव स्त्री सूचित होते. मराठीतील 'ती' ही वाट असू शकते, रात्र असू शकते, गुहाही असू शकते. गॉलमच्या पुटपुटण्यातील भय मराठीत उतरवावयाचे, तर अनुवादकास त्या 'ती'शेजारी भूक किंवा श्वास सुचविणारे एखादे क्रियापद योजावे लागेल.