हलकी सायकल कशामुळे हलकी होते?

मागच्या वेळी वैशेषिकांची गुणांची यादी झाली. रूप, रस, गंध, स्पर्श करत करत चोवीस गुण. त्यात 'गुरुत्व', म्हणजे जडपणा, आहे. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं की जडपणा यादीत आहे, तर हलकेपणा का नाही? कठीणपणा, मऊपणा का नाहीत? प्रश्न जुनाच आहे. अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'वरच्या स्वतःच्याच 'दीपिके'त तो घेतलाय आणि फार वेळ न घालवता निकालात काढलाय. हलकेपणा म्हणजे जडपणाचा अभाव, तो वेगळा गुण नव्हे. आणि कठीण-मऊ म्हणजे अवयव एकमेकांशी कसे जुळलेत, त्या संयोगाचा विशेष.

आज ही दोन उत्तरं आपण एका वस्तूवर तपासू. वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमची रोड बाईक. मी ती घरी, गॅलरीत बसून, सुटे भाग आणून जुळवली आहे आणि चालवतो आहे, त्यामुळे बोलणं थोडं तेलकट हातांचं होईल.

आमच्या पिढीची सायकल म्हणजे ती काळी, दांडीवाली. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर मिळून वीस किलोच्या घरात जायची. आज ॲल्युमिनियमची चांगली रोड बाईक साडेसात-आठ किलोत बसते. त्यात नुसती फ्रेम सव्वा किलोच्या आसपास. कोणालाही विचारा, हलकी का? तर म्हणतात, ॲल्युमिनियम हलकं असतं म्हणून. हे उत्तर जवळजवळ चुकीचं आहे.

बघा. पोलादाची घनता साधारण ७.८, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे तिपटीचा फरक. पण वाकायला विरोध करण्याची ताकद, जिला ताठपणा म्हणू, ती पोलादात साधारण २०० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियममध्ये ७०. इथेही तिपटीचाच फरक! म्हणजे वजन तिप्पट कमी, पण लवचिकपणा तिप्पट जास्त. त्याच व्यासाची नळी ॲल्युमिनियमची केली आणि ती पोलादाइतकी ताठ हवी असेल, तर भिंत तिप्पट जाड करावी लागेल. तसं केलं की वजन पुन्हा तेवढंच. हाती काय आलं? काही नाही.

मग फायदा कुठून येतो? व्यासातून. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंतीच्या जाडीच्या मात्र साध्या प्रमाणात. समजा, व्यास दुप्पट केला आणि वजन तेवढंच राहावं म्हणून भिंत निम्मी केली, तर ताठपणा आठ भागिले दोन, म्हणजे चौपट होतो. तुम्ही म्हणाल, मग पोलादाची नळीसुद्धा जाडजूड आणि पातळ करा की! करता येत नाही. चांगल्या पोलादी फ्रेमची भिंत मधल्या भागात आधीच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आलेली असते. त्याहून पातळ केली की ती शीतपेयाच्या डब्यासारखी चेपते. ॲल्युमिनियमची भिंत मात्र तेवढ्याच वजनात तिप्पट जाड असते, म्हणून तिला फुगवायला जागा उरते. सायकल हलकी होते ती धातूच्या हलकेपणाने थेट नाही, तर त्या हलकेपणाने आकाराला जी मोकळीक दिली तिच्यामुळे.

हे कळायला लोकांना वेळ लागला. फ्रान्समधल्या 'विटस ९७९' या फ्रेमच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या होत्या, पण व्यास पोलादी फ्रेमसारखाच बारीक. हलकी होती, पण लवायची. आयर्लंडचा शॉन केली तिच्यावर शर्यती जिंकला हे खरं, पण त्यात फ्रेमचं श्रेय किती आणि केलीच्या मांड्यांचं किती हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेत १९७० च्या दशकात एमआयटीत शिकणाऱ्या गॅरी क्लाइनने जाड नळ्यांचा विचार लावून धरला. पुढे १९८३ साली कॅननडेलने जाड नळ्यांची सायकल बाजारात आणली. लोक हसले, पाण्याचे पाइप जोडलेत म्हणाले. १९९८ साली मार्को पंतानी टूर द फ्रान्स जिंकला तो बियांकीच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर. पुढच्याच वर्षापासून कार्बनचे दिवस आले, ती गोष्ट वेगळी.

आता कठीणपणाकडे. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. फ्रेमला लागतो मिश्रधातू, बहुधा ६०६१ नावाचा, ज्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. १९०६ साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियममध्ये तांबं आणि मॅग्नेशियम घालून, तापवून, झटकन थंड करून कठीण होतं का ते पाहत होता. शनिवारी मोजमाप अर्धवट राहिलं. सोमवारी बघतो तर तोच तुकडा जास्त कठीण! कुणी हात लावला नव्हता, काही मिसळलं नव्हतं. नुसता पडून राहून धातू कठीण झाला होता. याचा उलगडा पुढे, १९३८ साली, गिनिए आणि प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी केला: मिसळलेले अणू आतल्या आत हळूहळू गोळा होऊन बारीक पुंजके करतात आणि ते पुंजके धातूला सरकू देत नाहीत. द्रव्य तेच, अवयव तेच, संयोग बदलला. अन्नंभट्टाला क्ष-किरण माहीत नव्हते, आणि त्याला आधुनिक धातुशास्त्र ठाऊक होतं असलं काही मी म्हणत नाहीये. कृपा करून तसं कुठे पुढे पाठवू नका. पण कठीणपणा द्रव्यात शोधायचा की जुळणीत, हा प्रश्न त्याने बरोबर जागी ठेवला होता.

आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, सायकलवेडा. त्याने जुन्या बाजारातून एक सुंदर ॲल्युमिनियम फ्रेम घेतली. खालच्या नळीला, पायडलचा आस बसतो त्या डब्याजवळ, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर. त्याने ती एका वर्कशॉपमध्ये नेऊन वेल्ड करून घेतली, वर रंग मारला आणि कौतुकाने मला दाखवायला आणली. 'सर, नवीनपेक्षा मजबूत झालीय.' वेल्ड खरोखर देखणा होता. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, रविवारी ह्याच्यावर तू घाट उतरणार आहेस ना, मग आधी ऐक.

कारखान्यात ६०६१ ची फ्रेम वेल्ड झाल्यावर पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंशांना तापवतात, झटकन थंड करतात, मग १६०-१७५ अंशांना काही तास ठेवतात. वेल्डच्या उष्णतेने वेल्डशेजारची जुळणी बिघडलेली असते, ती या क्रियेने परत बसते. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये पहिली पायरी होते, पुढची होत नाही. मग वेल्डशेजारच्या पट्ट्यात धातूची ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली येते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. आपल्या काळ्या सायकलचा मोडलेला चिमटासुद्धा कोपऱ्यावरचा मिस्त्री पितळ वितळवून जोडून द्यायचा आणि ती वर्षानुवर्षं चालायची. तो अनुभव पोलादाचा होता. तोच ॲल्युमिनियमला लावणं म्हणजे व्याप्ती चुकीच्या जागी नेणं. धूर दिसला की अग्नी असतो, पण सकाळच्या धुक्याला धूर समजलं तर अनुमान फसतं.

तो म्हणाला, म्हणजे ॲल्युमिनियम वाईट? नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत व्होलरने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं की धातू एकदा न मोडणाऱ्या ओझ्यानेही लाखो वेळा वाकवला तर मोडतो. पोलादाला यात एक मर्यादा असते, ताण तिच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्ड्याची नोंद राहते म्हणा. पण म्हणूनच जाणकार रचनाकार ताण फार कमी ठेवतात. १९९० च्या दशकात जर्मनीच्या 'टूर' मासिकाने निरनिराळ्या फ्रेम यंत्रावर वाकवून पाहिल्या, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्यांत ॲल्युमिनियमच्या होत्या आणि मोडलेल्यांत पोलादाच्या. नश्वरता धातूत आहे हे खरं, पण किती वर्षांनी, हे रचनेत आहे.

त्याने ती फ्रेम वापरली नाही. तीन दिवस माझ्यावर रुसला होता.

जुळणीबद्दल दोन-तीन गोष्टी सांगतो, सगळं सांगत बसत नाही. बोल्ट आवळताना मोजून आवळा. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टला बहुधा ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. म्हणजे किती? दहा सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाला पाच किलोचा भार. आपला हात यापेक्षा सहज जास्त लावतो, म्हणून टॉर्कचा पान्हा घ्या. दुसरं, सीटची दांडी ग्रीस न लावता घालू नका. घाम आणि पावसाचं पाणी मध्ये आलं की दोन वेगळे धातू मिळून छोटी बॅटरी तयार होते आणि वर्षा-दोन वर्षांत दांडी अशी धरून बसते की कापावी लागते. कोकणात राहणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवा. दांडी कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी तिच्यासाठी मिळणारी खरखरीत पेस्ट.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. का? आपण मनात चित्र काढतो: पायडल फिरतं, बेअरिंगचं घर्षण आसाला ओढतं, त्याने आटे सैल होतात. या हिशेबाने उलटे आटे उजवीकडे हवेत! प्रत्यक्षात डावीकडे असतात, आणि तेच बरोबर आहे. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरते. पायाचा भार आसाभोवती फिरतो तेव्हा आस आट्यांत असाच गडगडतो, आणि हा जोर घर्षणापेक्षा पुष्कळ मोठा असतो. घरी जाऊन पेन्सिलीने करून बघा, मी सांगितलं म्हणून मानू नका.

आता प्रश्न. एक चिठ्ठी आहे: 'एक किलो वजन कमी करायला हजारो रुपये घालावेत का?' हिशेब करू. सिंहगडाचा गाडीरस्ता साधारण ६०० मीटर उंची चढतो धरा. मी, सायकल, पाणी मिळून ८० किलो. उंचीसाठीचं काम झालं सुमारे ४ लाख ७० हजार ज्यूल. माझ्या वयाच्या माणसाने नेटाने १२० वॅट दिले तर पासष्ट मिनिटं, घर्षण आणि थांबणं सोडून. एक किलो कमी केला तर पन्नासेक सेकंद वाचतात. वरच्या पिठलं-भाकरीला ते कळणारही नाही. सपाट रस्त्यावर तर लढाई हवेशी असते, वजनाचा संबंध फारच थोडा. शर्यतीतसुद्धा २००० सालापासून ६.८ किलोच्या खाली सायकल चालत नाही. पैसे घालायचेच तर टायरमध्ये घाला. ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं म्हणतात ना, त्यात फ्रेमचा दोष थोडा. फ्रेम उभ्या दिशेने जेमतेम लवते, टायर कितीतरी जास्त दबतो. २३ मिलिमीटरचा दगडासारखा फुगवलेला टायर काढून २८ चा घाला, हवा कमी ठेवा. तीच फ्रेम वेगळी वाटेल. फक्त चिमट्यात आणि ब्रेकखाली तेवढी जागा आहे का, ते आधी मोजा.

मग हलकी सायकल घ्यायची कशाला? मला तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यावी लागते. लिफ्ट नाही. वीस किलो आता उचलत नाहीत, आठ उचलतात. माझ्यापुरतं हे कारण पुरेसं आहे.

दुसरी चिठ्ठी: 'जुनी फ्रेम चांगली आहे हे कसं ओळखायचं?' धुवून, कोरडी करून, उजेडात बघा. वेल्डच्या कडा, पायडलच्या डब्याभोवती, पुढे जिथे चिमटा फ्रेममध्ये शिरतो तिथे खाली, आणि सीटची दांडी घट्ट करायच्या खाचेपाशी. रंगात बारीक सरळ रेघ दिसली की नख फिरवा. नख अडकलं, किंवा पुसल्यावर रेघ पुन्हा काळी झाली, तर त्या दिवसापासून ती सायकल चालवायची नाही. चालवताना नवीन कुरकुर ऐकू आली तरी आधी हेच करा. रेघ रंगाची आहे की धातूची याची शंका उरली तर तिथला रंग थोडा खरवडून बघा. रंग गेला तर चालेल.

कार्बनबद्दल तीन चिठ्ठ्या आहेत. त्या पुढच्या वेळी घेऊ, सभागृह रिकामं करायला सांगतायत.